दाखल्यावरचं वय

आमच्या घरात साठीच्या पुढं गेलेल्या एकाचीही जन्मतारीख खरी नाही. बाबा, काका, आत्या, सगळे एक जूनचे. शेजारच्या घरातलेही एक जूनचे आणि त्यांच्या पलीकडचेही. कामोठ्याच्या गावठाणात त्या पिढीचे वाढदिवस करायचे म्हटलं तर एकच केक आणून आळीभर वाटावा लागेल. शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजी पोरं गोळा करत दारोदार फिरायचे आणि समोर आलेल्या पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. बोटं कानाला टेकली की पोर सहा वर्षांचं. मग चालू सालातून सहा वजा करायचे आणि पुढं एक जून लिहायचा. लांब हातांची पोरं लवकर शाळेत गेली आणि पुढं नोकरीतून लवकर निवृत्तही झाली. बाबा त्यांतलेच. दाखल्यावर ते १९४४ चे. आजीचा हिशेब वेगळा होता : "रामदास बुराली तवं तुजा बापूस रांगत व्हता." रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, रेवसच्या वाटेवर काशाच्या खडकाजवळ. सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या भागात त्यानंतर कितीतरी पोरांची वयं त्या बोटीवरून मोजली गेली. रांगणारं पोर तीन वर्षांचं नसतं, हे गुरुजींनाही कळत असणार. पण शाळेत बोटीचा दाखला चालत नाही.

माझी तारीख मात्र खरी. मी १९७० च्या पावसाळ्यातला. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा तेव्हा नुकताच लागू झाला होता आणि बाबांना सरकारी कागदाचं महत्त्व नोकरीमुळं कळलेलं होतं. घरात खऱ्या तारखेचा पहिला माणूस मी, याचं आजीला कौतुक वाटायचं की कीव यायची, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

आजीच्या पिढीत वय कामावरून लागायचं. गावाच्या खालच्या अंगाला, आज जिकडं मानसरोवर स्टेशन आहे तिकडं, खाडीला लागून आमची खारी शेती होती. बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात घ्यायचा. बांधात लाकडाची उघाडी. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानं तिचं दार मिटायचं; ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी ते दार ढकलून खाडीत उतरायचं. या बांधावर पोरगा मोठा कसा व्हायचा ते काकांनी मला अनेकदा सांगितलंय, आणि दर वेळी त्यात क्रम तोच असतो. आधी नुसता कंदील धरायला न्यायचे. कंदील धरणाऱ्यानं बोलायचं नाही, डुलकी काढायची नाही, एवढंच काम. मग खेकड्यांची बिळं. बोटाएवढं बीळ, पण उधाणाला त्यातून पाणी झिरपू लागलं की रात्रीत बांधाला खांड जाते, आणि खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. म्हणून बीळ दिसलं की टाच रोवायची, वरून चिखलाचा गोळा दाबायचा, पुन्हा टाच. वडील मागून येऊन आपली टाच रोवून बघायचे. आत गेली तर पोराच्या पाठीत धपाटा. त्यानंतर कधीतरी उघाडीत अडकलेला पाला काढायला आत उतरायची परवानगी. आणि सगळ्यात शेवटी अमावास्येच्या उधाणाला रात्री बांधावर एकटं बसणं. ते ज्याला दिलं तो गावकीच्या बैठकीत बसू शकायचा. कोण कितव्या वर्षी तिथवर पोचेल याचा नेम नव्हता. कोणी चौदाव्या वर्षी पोचला, आणि एकाला म्हणे लग्न होऊन दोन पोरं झाल्यावरही रात्री एकट्याला बांधावर सोडत नसत.

हे ऐकताना मला फार आवडतं, आणि आवडतं म्हणूनच सावध व्हावंसं वाटतं. कारण पोराला इतक्या पायऱ्यांनी मोठं करणाऱ्या त्याच माणसांनी आजीला सहाव्या वर्षी बोहल्यावर बसवलं होतं.

आजी उरण भागातली. तिच्या लग्नाची तारीख तिला ठाऊक नव्हती. पण "चिरनेरला गोल्या झारल्या, त्याच्या आदीच्या शिमग्याला" एवढं पक्कं ठाऊक होतं. चिरनेरचा जंगल सत्याग्रह २५ सप्टेंबर १९३० चा. म्हणजे लग्न त्याआधीच्या फाल्गुनातलं. त्या फाल्गुनात आमच्याच नाही, देशभरातल्या मांडवांत लगीनघाई उडाली होती. मुलीचं लग्नाचं वय किमान चौदा आणि मुलाचं अठरा ठरवणारा कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता. अजमेरच्या हरविलास सारडांनी मांडलेला म्हणून तो सारडा कायदा. आपल्याकडं लोकांच्या तोंडी 'शारदा' झाला. देवलांचं 'शारदा' नाटक १८९९ चं, जरठ-कुमारी विवाहावरचं, त्यामुळं हा कायदा त्या नाटकातल्या मुलीसाठीच आला अशी पुष्कळांची समजूत होती, आणि ती काही अगदीच गैर म्हणवत नाही. वय किती असावं याची चौकशी करायला सरकारनं नेमलेल्या समितीचे अध्यक्षही मराठीच, वऱ्हाडातले सर मोरोपंत जोशी.

आजीच्या बापानं ही बातमी उरणच्या बाजारात ऐकली. पाडव्यानंतर चौदाच्या खालची पोर उजवली तर तुरुंग. घरात चुलतबहिणी धरून चार पोरी. त्यानं घरी येऊन हिशेब केला आणि चारही पोरींची लग्नं एका मांडवात उरकली. सगळ्यांत धाकटी आजी. धवलारीण धवळे गात होती आणि नवरी आईच्या मांडीवर झोपली होती. तिला आठवायचा तो हळदीचा वास, आणि लुगडं पायात येऊन ती पडली ते. नवरा, म्हणजे माझा आजा, अकरा-बारा वर्षांचा. तो मांडवामागं गोट्या खेळत होता, त्याला हाताला धरून आणावं लागलं. पुढं न्हाण येईपर्यंत ती माहेरीच राहिली, म्हणून तिला हे सगळं एक जत्रा होऊन गेल्यासारखं वाटायचं. पण तिच्याहून दोन वर्षांनी मोठी चुलतबहीण त्याच मांडवातली. तिचा नवरा पटकीत गेला आणि ती आठव्या वर्षी विधवा झाली. तिच्याबद्दल आजी जास्त बोलत नसे. एकदाच म्हणाली, "तिच्या बापसाला तुरुंग नुको व्हता."

कायदा मुलींना वाचवायला आला आणि त्याच्या भीतीनंच या मुली घाईघाईनं उजवल्या गेल्या. १९३१ च्या जनगणनेत विवाहित बालकांचा आकडा वाढलेला दिसला तो यामुळंच. खरं तर आजीच्या बापानं एवढं घाबरायचं कारण नव्हतं. त्या कायद्यात पोरीच्या पालकाला शिक्षा होती, एक महिन्याची साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. पण तक्रार कोणीतरी आपण होऊन कोर्टात न्यायची, आणि कोर्ट तक्रारदाराकडूनच शंभर रुपयांपर्यंत जामीन मागू शकायचं. १९३० साली शंभर रुपये! आमच्या गावात सगळ्यांनी मिळून काढले असते तरी जमले नसते, आणि जमले असते तर ते लग्नाच्या जेवणावळीला लावले असते. शिवाय लग्न बेकायदा ठरलं तरी रद्द होत नव्हतं.

याच्याही मागं गेलं तर मुंबई-पुण्याचं सगळं शिकलेलं जग वयाच्या एका आकड्यावरून भांडलेलं दिसतं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं; वयात आल्यावर त्यांनी नवऱ्याकडं नांदायला जायला नकार दिला, तेव्हा १८८४ मध्ये नवरा कोर्टात गेला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी तडजोड झाली आणि पुढं त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. १८९० मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचारानं मेली, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं दहाचे बारा केले. दोनच वर्षं वाढली. आगरकर कायद्याच्या बाजूनं, भांडारकर शास्त्रवचनं काढून बाजूनं, टिळक विरुद्ध, कारण परक्या सरकारनं आमच्या घरात शिरू नये. टिळकांचा मुद्दा राजकारण म्हणून समजू शकतो. पण फुलमणीनं कोणत्या सरकारकडं जायचं होतं, याचं उत्तर मला त्या वादात कुठं सापडलेलं नाही.

गिरण्यांचंही तसंच. मुंबईच्या गिरण्यांना लागू झालेला १८८१ चा पहिला फॅक्टरी ॲक्ट म्हणत होता, सात वर्षांखालचं पोर कामावर घेऊ नका. १८९१ ला सातचे नऊ झाले. पण सात आणि नऊ ओळखायचे कसे? विलायतेत हा घोळ आधीच होऊन गेला होता. तिथं १८३३ च्या कायद्यानं कापड गिरण्यांत नवाच्या खालची पोरं बंद केली, तेव्हा जन्मनोंदणीच नव्हती. मग १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्यानं दातांवरून वय ओळखायची पद्धत मांडली. लंडनचे डॉक्टर दात बघत होते आणि आमचे गुरुजी कान. खोटं वय सांगणारे मात्र दोन्हीकडं आईबापच होते, कारण पोराची मजुरी त्यांच्या हातात पडायची.

आमच्या घरात वयाची खरी परीक्षा आली ती सिडको आल्यावर. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि पनवेल, उरण, ठाण्याकडच्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नव्या मुंबईचा आराखडा पडला. त्यात कामोठेही होतं. आजा त्याच्या थोडं आधी वारला होता. सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली. बाबा थोरले, त्यांचं नाव सरळ. काका धाकटे, त्यांच्या नावापुढं तलाठ्यानं लिहिलं : अ. पा. क. आई. अज्ञान, पालनकर्ती आई. हा अज्ञान तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता, बाबा मुंबईत नोकरीला असल्यामुळं सगळी शेती त्याच्या अंगावर होती, आणि उधाणाला रात्री बांधावर एकटा बसणारा गावातला सगळ्यात लहान गडी तोच होता. आजीला सही येत नव्हती. तिचा अंगठा काकांच्या वतीनं लागायचा, आणि त्या अंगठ्याखाली काय लिहिलंय ते काका तिला वाचून दाखवायचे.

मोबदल्याची वेळ आली तेव्हा घरातल्या मोठ्यांची बैठक झाली. काका अज्ञान राहिले तर त्यांच्या वाट्याची रक्कम ते अठरा वर्षांचे होईपर्यंत अडकणार. सज्ञान असले तर आत्ता हातात. शाळेच्या दाखल्यावर वय कमी होतं. रामदासच्या हिशेबानं आजी काही वेगळंच सांगत होती. कोणीतरी ओळखीच्या डॉक्टरकडं काकांना नेलं. काका सांगतात, डॉक्टरनं मनगट दाबून बघितलं, मिसरूड बघितली आणि विचारलं, "किती लिहू?" संध्याकाळी बैलगाडीतून घरी येताना काका अठरा वर्षांचे झालेले होते. पैसे आले, त्यातून घरावर मंगलोरी कौलं चढली आणि आत्याचं लग्न झालं. काकांना काय वाटतं असं कोणी विचारलं नाही. त्यांना त्या पैशातून काय करायचं होतं, असं मी पन्नासेक वर्षांनी विचारलं तर म्हणाले, "मना मॅट्रिक व्हाचा व्हता."

हाडांवरून वय सांगायची पद्धत कोर्टात आजही चालते. मनगटाचे, कोपराचे एक्सरे काढतात आणि तरीही दोन वर्षं इकडं-तिकडं धरावी लागतात, असं सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्येच सांगून ठेवलंय. त्या दोन वर्षांच्या फटीत किती माणसांचं आयुष्य बसतं, ते काकांकडं बघितल्यावर कळतं.

जमीन गेली आणि चाकं आली. वाशीचा पूल १९७३ ला झाला, सायन-पनवेल रस्ता वाहू लागला, कळंबोलीला लोखंडाचा बाजार आणि ट्रकचा तळ उभा राहिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघरला शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या जमिनीसाठीच्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. त्यातूनच पुढं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, साडेबारा टक्क्यांची योजना निघाली. मोबदल्याच्या पैशातून गावागावांत टेम्पो आले, डंपर आले. गाडी घरची, मग ड्रायव्हर बाहेरचा कशाला? माझा मामेभाऊ चौदाव्या वर्षी डंपरवर क्लीनर म्हणून चढला. क्लीनरनं काच पुसायची, मागं उभं राहून "आन दे, आन दे" ओरडायचं, चाकाखाली दगड लावायचा. पहाटे ड्रायव्हरच्या डोळ्यावर झापड आली की स्टिअरिंग पोराच्या हातात. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला; त्यात मालाची गाडी चालवायला वीस वर्षं पुरी लागतात. मामेभाऊ सतराव्या वर्षी वीस वर्षांचा झाला. शाळा सोडल्याचा दाखला "दुरुस्त" करून मिळत होता, आणि दुरुस्त करून आणणारा गाडीचा मालक होता, म्हणजे आमचे मामाच. त्याच वर्षी, २८ मार्च १९८९ पासून, मतदानाचं वय एकविसावरून अठरा झालं. नोव्हेंबरच्या लोकसभेला मी पहिलं मत दिलं. मामेभावाचं नाव माझ्याआधीच यादीत लागलेलं होतं, कागदावरच्या वयानं.

आता सगळे आकडे एकत्र मांडले तर गंमत येते. अठराला मत, अठराला गाडी. मुलीचं लग्न अठराला, मुलाचं एकविसाला. १९७८ पासून तसं आहे. मुलीचंही एकवीस करायचं विधेयक २०२१ मध्ये आलं आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. महापालिकेला उभं राहायला एकवीस, आमदारकी-खासदारकीला पंचवीस, राज्यसभेला तीस. महाराष्ट्रात बिअर एकविसाला आणि व्हिस्की पंचविसाला. मी हे काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "लगीन आदी, दारू मंग. कायद्याला सगला ठावं हाय."

दहीहंडीत तर हा आकडा चार वर्षांत कितीदा फिरला. २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं, अठराच्या खालचा गोविंदा नको आणि थर वीस फुटांच्या वर नको. त्या वर्षी सुप्रीम कोर्टानं सवलत दिली, २०१६ मध्ये तेच निर्बंध कायम केले. २०१७ मध्ये पुन्हा हायकोर्टात राज्य सरकारनं चौदा सांगितलं आणि उंचीची मर्यादा गेली. गोविंदा पथकातल्या मुलाला बिचाऱ्याला आपण चौदा हवे की अठरा हे हंडीच्या आदल्या आठवड्यात कळायचं. वरच्या थरावर हलकं पोर लागतं, आणि हलकं पोर म्हणजे लहान पोर. सगळा वाद त्या वजनाचा होता.

कामोठ्यात आज खारी नाही, सेक्टर आहेत. संध्याकाळी क्लास सुटले की एकेका स्कूटरवर तिघं-तिघं निघतात. मागच्याच्या पाठीवर दप्तर, पुढच्याच्या ओठावर अजून लव नाही. कायद्यात सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतची गाडी चालवायची मुभा आहे, पण ती लूनाच्या काळाची. पेट्रोलवरची तशी गाडी आज शोरूममध्ये नाही. आहे ती शंभर-सव्वाशे सीसीची. म्हणजे सोळाचं लायसन मिळतं आणि त्यावर चालवायला गाडी मिळत नाही. अडीचशे वॅटच्या आतल्या, ताशी पंचवीसच्या वर न जाणाऱ्या विजेच्या गाडीला मात्र लायसन लागत नाही, नंबरप्लेटही नाही. तीही वेग वाढवून देणारे भेटतात, आणि पैसे पोराच्या खिशातून जात नाहीत.

१९ मे २०२४ ला पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीनं मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघंही गेले. बाल न्याय मंडळाच्या सदस्यानं त्याच दिवशी जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि महाराष्ट्र पेटला. पुढं रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. मुलाचे वडील, आई, आजोबा असे घरचे एकेक आत गेले. मुलाला सज्ञान धरून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये मंडळानं फेटाळली. लोकांना याचा राग आला. २०१५ चा बाल न्याय कायदा सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्यासाठी मोठ्यासारखा खटला चालवू देतो, पण घोर म्हणजे किमान सात वर्षं शिक्षा असलेला. दिल्लीत २०१६ मध्ये अठरा व्हायला काही दिवस उरलेल्या मुलानं मर्सिडीजखाली एकाला चिरडलं, त्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये हेच सांगितलं होतं. मला मंडळाचा २०२५ चा निर्णय पटतो, जामिनाचा तो निबंध पटत नाही. आणि त्या सगळ्या प्रकरणात अठराच्या आतला आरोपी एकच होता. उरलेले आरोपी पुरते सज्ञान.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे कलम आलं ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक : तीन वर्षं कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायची जबाबदारीही पालकावरच. शंभर रुपये जामीन भरणारा तक्रारदार इथं शोधावा लागत नाही, एवढी तरी १९३० पासून सुधारणा झाली. हे कलम रोज किती लावलं जातं ते कामोठ्याच्या नाक्यावर कोणालाही पाच मिनिटं उभं राहून बघता येईल.

आत्याची नात न्यू जर्सीत एडिसनला वाढतेय. तिथं सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना, सतराव्या वर्षी अटींचा : रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी काढायची नाही, सोबत एकच जण, आणि नंबरप्लेटवर लाल चिकटपट्टी, म्हणजे पोलिसाला लांबून कळावं की चालवणारं अजून शिकतंय. पुरता परवाना अठराला. तिनं व्हिडिओ कॉलवर ती लाल पट्टी दाखवली तेव्हा काका फोनजवळ सरकले, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे कंदील धरलाय हिनं." आपल्याकडंही कायद्यात कच्चं लायसन आहे, लाल 'एल' आहे, शेजारी पक्कं लायसनवालं माणूस बसायला हवं असा नियम आहे. ती 'एल' परीक्षेच्या दिवशी लावतात आणि पक्कं लायसन मिळालं की सोलतात.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची सभा झाली. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरची इमारत, त्यात तीन फ्लॅट आमचे, बाकी सातारा, कोल्हापूर, जळगाव, केरळ. विषय पत्रिकेवर होता : दुचाकीला पार्किंगचं स्टिकर देताना गाडी जे जे चालवतात त्या सगळ्यांच्या लायसनची प्रत घ्यावी. एक बाई उठल्या. म्हणाल्या, दोघं नोकरीला, मुलाचा क्लास खांदेश्वरला, बस कधी येईल याचा भरवसा नाही, रिक्षावाले एवढ्याशा अंतराला येत नाहीत. तुम्ही सोडणार का त्याला? याला सभेत कोणाकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही. सेक्टर आखताना पोरं सायकलनं क्लासला जातील असा रस्ता कोणी आखला नाही, हे खरंच आहे. एक गृहस्थ म्हणाले, मुलगा सहा महिन्यांत अठराचा होतोय, तेवढ्यासाठी काय. काकांनी मागून विचारलं, "चावी कोनाच्या खुटीला असते?" गृहस्थ म्हणाले, "घरात असते, काका." "मंग त्यालाच इचारा ना, खुटीवाल्याला." लोक हसले. मग मतदान झालं आणि ठराव मंजूर झाला.

आता मुलं गाड्या गेटच्या बाहेर, मेडिकलच्या दुकानासमोर लावतात. पुढच्या सभेच्या नोटिशीत विषय क्रमांक चार आहे : गेटबाहेर उभ्या राहणाऱ्या दुचाक्यांमुळं रहिवाशांना चारचाकी वळवताना होणारी अडचण.